शाळेच्या संघाचे अपमानास्पद नाव आणि चिन्ह बदलायचे असेल तर: अमेरिकेतील मराठी पालकांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेतील जवळपास प्रत्येक हायस्कूलच्या संघाला एक टोपणनाव आणि एक मॅस्कॉट, म्हणजे संघाचे प्रतीक, असतो. बहुतेक ठिकाणी तो गरुड, वाघ किंवा लांडगा असतो. परंतु ‘नॅशनल काँग्रेस ऑफ अमेरिकन इंडियन्स’ या मूलनिवासी राष्ट्रांच्या संघटनेने सुमारे १,९०० अशा शाळांची नोंद केली आहे, ज्यांचे संघ ‘इंडियन्स’, ‘चीफ्स’, ‘ब्रेव्ह्ज’ किंवा ‘रेडस्किन्स’ अशा नावांनी, नाहीतर पिसांचे शिरोभूषण घातलेल्या चेहऱ्याचे चिन्ह घेऊन मैदानात उतरतात. यांपैकी काही शाळांत मराठी घरांतली मुलेही शिकतात, शुक्रवारच्या फुटबॉल सामन्याला चेहरा रंगवून जातात आणि हाताने कुऱ्हाड चालवल्याचा अभिनय करत घोषणा देतात. हे खटकते, पण कोणाला सांगायचे आणि सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, अशा पालकांसाठी हा लेख आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आधारलेले आहे. संघाचे नाव बदलण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नसतो आणि क्रीडा प्रशिक्षकांनाही नसतो. तो बहुतेक ठिकाणी स्कूल बोर्डाकडे, म्हणजे स्थानिक मतदारांनी निवडून दिलेल्या मोजक्या सदस्यांकडे असतो. जो निर्णय एका मतदानाने होतो तो दुसऱ्या मतदानाने फिरूही शकतो. कनेक्टिकट राज्यातील किलिंग्ली येथे २०१९ मध्ये बोर्डाने ‘रेडमेन’ हे नाव काढून ‘रेड हॉक्स’ स्वीकारले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, बहुमत बदलले आणि जानेवारी २०२० मध्ये जुने नाव परत आले. पेनसिल्व्हेनियातील सदर्न यॉर्क काउंटी स्कूल डिस्ट्रिक्टने (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका बोर्डाच्या अखत्यारीतील शाळा) २०२१ मध्ये काढून टाकलेले मूलनिवासी योद्ध्याचे चिन्ह २०२४ मध्ये पुन्हा आणले. म्हणून मोहिमेची आखणी ठराव मंजूर होण्याच्या रात्रीपर्यंत न करता त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांपर्यंत करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: नेमके काय बदलायचे आहे ते लिहून काढा

‘मॅस्कॉट’ या एका शब्दाखाली प्रत्यक्षात चार-पाच निरनिराळ्या गोष्टी येतात. संघाचे नाव ही एक, गणवेशावरील आणि जिमच्या फरशीवरील चिन्ह ही दुसरी, सामन्याच्या वेळी वेश करून नाचणारी व्यक्ती ही तिसरी, आणि घोषणा, हावभाव, बँडची धून, वार्षिक समारंभातले ‘राजकुमारी’सारखे किताब ही चौथी. यांतील कोणत्या गोष्टी जायला हव्यात आणि कोणत्या राहिल्या तरी चालतील, हे मोहीम सुरू करण्याआधीच ठरवावे, कारण समोरची बाजू सर्वांत आधी इथेच तडजोड सुचवते.

कॅलिफोर्नियातील कोचेला व्हॅली हायस्कूलचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. खजुराच्या बागांच्या या प्रदेशातील शाळेचा संघ ‘अरब्ज’ या नावाने खेळत असे आणि त्याचा मॅस्कॉट म्हणजे मोठ्या नाकाचे, चिडलेल्या चेहऱ्याचे व्यंगचित्र होते. २०१३ मध्ये अरब-अमेरिकनांच्या भेदभावविरोधी समितीने पत्र लिहून आक्षेप घेतला. चर्चेनंतर २०१४ मध्ये नाव ‘मायटी अरब्ज’ झाले, व्यंगचित्राच्या जागी नवे, प्रतिष्ठित दिसणारे चिन्ह आले आणि सामन्यांतील बेली डान्सर बंद झाली. त्या समितीला हा तोडगा मान्य होता. मूलनिवासी नावांच्या बाबतीत मात्र ‘नाव राहू द्या, फक्त चित्र बदला’ ही तडजोड सहसा टिकत नाही, कारण नाव राहिले की प्रतिस्पर्धी संघाचे प्रेक्षक फलकांवर काय लिहितील यावर शाळेचा ताबा राहत नाही.

वरील सर्व गोष्टींची छायाचित्रांसह एक यादी तयार करावी. शाळेचे संकेतस्थळ, वार्षिकांक, गुणफलक, बसगाड्या, शाळेच्या दुकानात विकले जाणारे टी-शर्ट असे सारे तिच्यात यावे. पुढे खर्चाची चर्चा निघेल तेव्हाही हीच यादी उपयोगी पडेल.

दुसरी पायरी: ज्यांची प्रतिमा वापरली जाते त्यांच्याकडे आधी जा

आपल्या लोकांकडून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते या पायरीकडे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मॅस्कॉटविरोधातील लढा मूलनिवासी लोकांनी उभा केला आहे आणि तो जुना आहे. नॅशनल काँग्रेसने माध्यमांतील आणि खेळांतील विकृत प्रतिमांविरुद्धची मोहीम १९६८ मध्ये सुरू केली. स्टॅनफर्ड विद्यापीठाने मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या मागणीवरून १९७२ मध्ये ‘इंडियन्स’ हे नाव सोडले. इलिनॉय विद्यापीठात शार्लीन टीटर्स या स्पोकेन राष्ट्राच्या विद्यार्थिनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘चीफ इलिनिवेक’ या मॅस्कॉटच्या नृत्याविरुद्ध फलक घेऊन उभे राहायला सुरुवात केली, आणि ते नृत्य बंद व्हायला २००७ साल उजाडले. सुझान शोन हार्जो आणि त्यांच्यानंतर अमांडा ब्लॅकहॉर्स यांनी वॉशिंग्टनच्या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या ‘रेडस्किन्स’ या नावाविरुद्ध वर्षानुवर्षे कायदेशीर लढाई दिली. त्या संघाने ते नाव अखेर जुलै २०२० मध्ये सोडले. आपण या लढ्यात उशिरा आलेले साथीदार आहोत याचे भान बोलण्यात आणि वागण्यात असावे.

प्रत्यक्ष काम असे करावे. शाळा ज्या भूमीवर उभी आहे ती मूळची कोणाची, हे शोधावे. केंद्र सरकारची मान्यता असलेली साडेपाचशेहून अधिक मूलनिवासी राष्ट्रे आहेत आणि त्यांची यादी ‘ब्यूरो ऑफ इंडियन अफेअर्स’ प्रसिद्ध करते. तेथील लोकांना अनेकदा दूरच्या राज्यात हाकलण्यात आले असल्यामुळे संबंधित राष्ट्राचे कार्यालय शेजारी असेलच असे नाही. न्यू जर्सीचे उदाहरण घ्या, कारण मराठी वस्ती तिथे मोठी आहे. ती लेनापी लोकांची भूमी; पण त्यांची केंद्रमान्य राष्ट्रे आज ओक्लाहोमात आणि विस्कॉन्सिनमध्ये आहेत, तर न्यू जर्सीत राज्याने मान्यता दिलेले रामापो लेनापी आणि नँटिकोक लेनी-लेनापी हे समाज आहेत. अशा वेळी दोन्हीकडे पत्र पाठवावे. पत्र राष्ट्राच्या कौन्सिलच्या कार्यालयाला किंवा संस्कृती आणि शिक्षण विभागाला उद्देशून असावे, एका पानापेक्षा मोठे नसावे, आणि त्यात तीनच गोष्टी विचाराव्यात: या चिन्हाविषयी आपली अधिकृत भूमिका आहे का, शाळेने कधी आपली परवानगी घेतली होती का, आणि बोर्डापुढे लेखी अथवा तोंडी निवेदन देण्याची आपली इच्छा आहे का. उत्तर यायला महिने लागू शकतात. कौन्सिलपुढे पाणी, जमीन, आरोग्य असे मोठे विषय असतात आणि आपली शाळा हा त्यांच्या दृष्टीने एक छोटा विषय असतो.

उत्तर ‘आम्हाला हरकत नाही’ असेही येऊ शकते, आणि ते मान्य करण्याची तयारी हवी. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ फ्लोरिडाच्या सेमिनोल राष्ट्राच्या पाठिंब्याने ते नाव वापरते. न्यूयॉर्कमधील सॅलामँका हे शहर सेनेका राष्ट्राच्या भूमीवर वसलेले आहे, आणि तिथल्या शाळेला आपले ‘वॉरियर्स’ चिन्ह ठेवण्यास सेनेका राष्ट्राने २०२३ मध्ये संमती दिली. कोलोरॅडोतील अरापाहो हायस्कूलने १९९० च्या दशकातच नॉर्दर्न अरापाहो राष्ट्राशी संबंध जोडून जुने व्यंगचित्र काढून टाकले आणि त्यांच्याच कलावंताने काढलेले चिन्ह स्वीकारले. अशी संमती असेल तर मोहीम तिथेच थांबवावी किंवा तिचे रूप बदलावे. आपल्याला खटकते एवढ्यावरून एखाद्या राष्ट्राच्या निर्णयाविरुद्ध उभे राहणे योग्य नाही.

भाषेविषयी एक छोटी सूचना. मराठीत आपण सवयीने ‘रेड इंडियन’ म्हणतो. घरात मुलांशी बोलतानाही ते सोडावे, आणि शक्य तिथे राष्ट्राचे स्वतःचे नाव वापरावे.

तिसरी पायरी: राज्याचा कायदा तपासा

तुमच्या राज्यात कायदा असेल तर निम्मे काम झालेले असते, कारण मग ‘बदलायचे का’ हा प्रश्न उरत नाही, ‘कधी आणि कसे’ एवढाच उरतो. मेन हे सर्व सरकारी शाळांत मूलनिवासी मॅस्कॉटवर कायद्याने बंदी घालणारे पहिले राज्य ठरले. तो कायदा २०१९ चा आहे. वॉशिंग्टन आणि नेवाडा या राज्यांनी २०२१ मध्ये कायदे केले, आणि दोन्ही ठिकाणी संबंधित राष्ट्राच्या संमतीची वाट मोकळी ठेवली. कोलोरॅडोने त्याच वर्षी केलेल्या कायद्यात १ जून २०२२ ची मुदत आणि त्यानंतर दरमहा २५,००० डॉलर दंड अशी तरतूद आहे. कनेक्टिकटने वेगळा मार्ग निवडला: राष्ट्राच्या लेखी संमतीशिवाय असे नाव वापरणाऱ्या गावांना मूलनिवासी कॅसिनोंच्या उत्पन्नातून मिळणारे अनुदान बंद केले. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये फक्त ‘रेडस्किन्स’ या नावावर बंदी घातली होती, ती १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. २०२४ च्या नव्या कायद्याने ती यादी वाढवली असून त्याची अंमलबजावणीची तारीख १ जुलै २०२६ आहे. ओरेगॉनमध्ये राज्य शिक्षण मंडळाने २०१२ मध्येच बंदी घातली आणि पुढे राष्ट्रांशी करार करण्याची सवलत दिली. व्हरमाँटच्या २०२२ च्या कायद्याचा आवाका याहून मोठा आहे, कारण तो कोणत्याही वंशाला किंवा समाजाला हिणवणाऱ्या नावांना लागू होतो.

न्यूयॉर्कचे प्रकरण सविस्तर समजून घ्यावे. तिथे बोर्ड ऑफ रीजंट्सने, म्हणजे राज्याच्या शिक्षण मंडळाने, एप्रिल २०२३ मध्ये नियम करून शाळांना २०२४-२५ या शालेय वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत दिली. लाँग आयलंडवरील मॅसापेक्वा डिस्ट्रिक्टने ‘चीफ्स’ हे नाव सोडण्यास नकार दिला आणि न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या शाळेची बाजू घेतली, आणि मे महिन्यात केंद्रीय शिक्षण खात्याने उलट न्यूयॉर्क राज्यानेच नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या शीर्षकाचा (वांशिक भेदभावाला मनाई करणाऱ्या भागाचा) भंग केल्याचा निष्कर्ष काढला. गंमत अशी की, त्या शाळेच्या चिन्हातले पिसांचे मोठे शिरोभूषण अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी प्रदेशाच्या राष्ट्रांचे आहे; लाँग आयलंडच्या मूळ लोकांमध्ये ते नव्हतेच. यातून व्यवहारी बोध एवढाच घ्यावा की, केंद्राकडे तक्रार करण्याचा मार्ग सध्या उपयोगाचा नाही, आणि तुमची खरी ताकद राज्यात आणि स्थानिक बोर्डात आहे.

काही राज्यांचे नियम उलट दिशेनेही जातात. विस्कॉन्सिनने २०१० मध्ये नागरिकांना तक्रारीचा सोपा मार्ग दिला होता. २०१३ मध्ये तो बदलून विद्यार्थिसंख्येच्या दहा टक्के इतक्या सह्यांची अट घातली आणि भेदभाव सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर टाकली. अशा राज्यात सह्या गोळा करण्यापूर्वी सही कोण करू शकतो, मुदत किती आणि नमुना कोणता, हे कायद्याच्या मूळ मजकुरातून वाचून घ्यावे.

चौथी पायरी: कागदपत्रे मिळवा

प्रत्येक राज्यात सरकारी कागदपत्रे मागण्याचा कायदा असतो. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच तो वापरता येतो. न्यू जर्सीत त्याला ओप्रा म्हणतात, न्यूयॉर्कमध्ये फॉइल. डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करून हे नाव कधी आणि कोणत्या ठरावाने घेतले गेले, यापूर्वी कोणत्या तक्रारी आल्या, गणवेश किती वर्षांनी बदलले जातात आणि शेवटची खरेदी कधी झाली, एवढे मागावे. अर्ज नेमका असावा. ‘मॅस्कॉटविषयीचे सर्व ईमेल’ असे मागितल्यास शोधाचे शुल्क आणि विलंब दोन्ही वाढतात. जुनी वर्तमानपत्रे आणि वार्षिकांक गावच्या ग्रंथालयात मिळतात. ‘आमचे नाव शंभर वर्षांचे आहे’ असा दावा असताना ते प्रत्यक्षात एखाद्या क्रीडा वार्ताहराने हौसेने दिलेले निघाले, तर चर्चेचा सूर बदलतो.

संशोधनाचे दोन-तीनच दाखले सोबत ठेवावेत, पण ते पक्के असावेत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००५ मध्ये असे सर्व मॅस्कॉट तातडीने बंद करण्याची शिफारस केली. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने २००१ मध्येच मूलनिवासी नसलेल्या शाळांनी ही नावे सोडावीत असे निवेदन काढले होते. मानसशास्त्रज्ञ स्टेफनी फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा प्रतिमा पाहिल्यानंतर मूलनिवासी विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान घटल्याचे आढळले. शेवटचा दाखला बोर्डापुढे सर्वाधिक कामी येतो, कारण तो मुलांविषयी आहे आणि बोर्डाचे कामही मुलांचेच आहे.

पाचवी पायरी: गट बांधा, आणि आपली मर्यादा ओळखा

गटात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि निदान एक प्रशिक्षक किंवा माजी खेळाडू असावा. केवळ नव्याने राहायला आलेल्या पालकांचा गट असेल तर ‘बाहेरून आलेले लोक’ असा शिक्का पहिल्याच सभेत बसतो. विद्यार्थ्यांचे म्हणणे सर्वांत परिणामकारक ठरते: न्यूयॉर्कमधील कूपर्सटाउन येथे २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने ‘रेडस्किन्स’ जाऊन पुढे ‘हॉकआइज’ आले, आणि ओनायडा राष्ट्राने नव्या गणवेशांसाठी १०,००० डॉलरपर्यंत मदत देऊ केली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या टिंकर निकालानुसार शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येत नसेल तर विद्यार्थ्यांना शाळेत शांतपणे मत व्यक्त करण्याचा हक्क आहे. दंडावर फीत बांधणे किंवा बिल्ला लावणे यात बसते, वर्ग सोडून जाणे बसत नाही. आपल्या मुलाला मात्र पुढे ढकलू नये. वर्गमित्रांचा रोष त्याला रोज सोसावा लागतो, आपल्याला महिन्यातून एकदा.

व्हिसावर असलेल्या पालकांसाठी काही नियम महत्त्वाचे आहेत. बोर्डाच्या सभेत बोलण्यासाठी किंवा बोर्डाला दिलेल्या साध्या निवेदनावर सही करण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. मतदान मात्र करता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत दिलेला मताधिकार हा दुर्मीळ अपवाद आहे. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की, ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीने स्थानिक निवडणुकीतील उमेदवाराला देणगी देणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे, मग ती वीस डॉलरची का असेना. महाराष्ट्र मंडळाची नोंदणी करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून असेल, तर मंडळाला विषयावर भूमिका घेता येते, पण उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. सभेत बोलणाऱ्याचे नाव, काही ठिकाणी पत्ताही, कायमच्या नोंदीत आणि चित्रफितीत जातो. इमिग्रेशनचे प्रकरण प्रलंबित असेल तर आधी आपल्या वकिलाशी बोलून घ्यावे.

सहावी पायरी: बोर्डापुढे जाणे

पहिल्या जाहीर सभेआधी सुपरिंटेंडंटना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रशासकीय प्रमुखांना, आणि बोर्डाच्या सदस्यांना एकेकट्याने भेटावे. या भेटीत त्यांचे मन वळवण्यापेक्षा त्यांची अडचण समजून घ्यावी: कोणाला खर्चाची काळजी आहे, कोणाचा मुलगा संघात आहे, कोण पुढच्या वर्षी निवडणुकीला उभे राहणार आहे. एका कागदावर सदस्यांची नावे लिहून त्यांपुढे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘अनिश्चित’ अशी खूण करत जावे. बहुमत दिसत नसताना मतदान मागू नये, कारण फेटाळलेला ठराव पुन्हा विषयपत्रिकेवर यायला वर्षे जातात.

सभेत सहसा प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात आणि वेळ संपली की माइक बंद होतो. तीन मिनिटांत चारशे शब्दांहून अधिक बसत नाहीत. आपण कोण, मूल कोणत्या इयत्तेत आहे, कशाची मागणी आहे, संबंधित राष्ट्र काय म्हणते आणि बोर्डाने पुढच्या सभेत कोणते पाऊल उचलावे, एवढेच सांगावे. पाच वक्त्यांनी एकच मुद्दा पाचदा सांगण्यापेक्षा एकाने संशोधन, एकाने खर्च, एकाने विद्यार्थी म्हणून आलेला अनुभव असे वाटून घ्यावे. मूलनिवासी वक्ता असेल तर त्याचे भाषण आधी ठेवावे आणि त्याला परतीच्या रस्त्यावर सोबत द्यावी. अशा सभांनंतर वाहनतळात होणारी शेरेबाजी सौम्य नसते.

सभेत कोणते आक्षेप येणार हे आधीच ठाऊक असते. ‘हा सन्मान आहे’ हा त्यांतला पहिला. आपल्याच घरातही कोणी म्हणेल की, आपण नाही का ढोलपथकाला आणि क्रिकेट संघाला मावळ्यांचे नाव देत? देतो; पण ते आपण आपल्यालाच देतो, आणि त्या नावाची टवाळी झाली तर पहिला राग आपल्याला येतो. दुसरा आक्षेप पाहणीचा असतो: २०१६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या पाहणीत दहांपैकी नऊ मूलनिवासी लोकांनी ‘रेडस्किन्स’ खटकत नाही असे सांगितले होते. ती पाहणी झाली होती हे नाकारू नये. २०२० मध्ये फ्रायबर्ग आणि बर्कली येथील सहकाऱ्यांनी हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास केला तेव्हा जवळपास निम्म्यांना ते नाव अपमानास्पद वाटले, आणि आपल्या संस्कृतीशी घट्ट जोडलेल्या लोकांत हे प्रमाण बरेच अधिक होते, हे शांतपणे सांगावे. तिसरा आक्षेप ॲरिझोनातील रेड मेसासारख्या शाळांचा, ज्या नाव्हाहो भूमीवर असून तेच नाव वापरतात. त्याचे उत्तर सोपे आहे: तो त्या समाजाचा स्वतःविषयीचा निर्णय आहे.

शेजारच्या डिस्ट्रिक्टचाही उपयोग होतो. न्यूयॉर्कमधील लँकेस्टर येथे २०१५ मध्ये मूलनिवासी खेळाडू असलेल्या शेजारच्या शाळांनी ‘रेडस्किन्स’ नावाच्या संघाविरुद्ध लक्रॉस या खेळाचे सामने खेळण्यास नकार दिला. मार्च महिन्यात बोर्डाने ते नाव एकमताने काढले. आज तो संघ ‘लेजंड्स’ आहे.

धीर मात्र हवा. इलिनॉयमधील पेकिन शहराच्या हायस्कूलचा संघ चिनी लोकांना दिल्या जाणाऱ्या शिवीच्या नावाने खेळत असे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर चिनी-अमेरिकनांचे शिष्टमंडळ तिथे गेले, विद्यार्थ्यांनी नाव ठेवण्याच्या बाजूने कौल दिला, आणि ‘ड्रॅगन्स’ हे नाव यायला १९८० उजाडले. मेनमधील स्कोहीगन येथे पेनॉब्स्कॉट राष्ट्राच्या लोकांनी अनेक वर्षे सभांना हजेरी लावली, तेव्हा मार्च २०१९ मध्ये बोर्डाने १४ विरुद्ध ९ मतांनी ‘इंडियन्स’ सोडले.

सातवी पायरी: ठरावाचा मजकूर

मसुदा आपणच लिहून द्यावा. बोर्डाच्या वकिलाला तो बदलता येतो, पण कोरा कागद पुढे ठेवला तर ठराव ‘समिती नेमून अभ्यास करावा’ यावर थांबतो. मजकुरात नाव, चिन्ह, वेश, घोषणा यांचा स्वतंत्र उल्लेख असावा. वापर थांबण्याची ठरावीक तारीख असावी. जिमची फरशी, गुणफलक, गणवेश यांसाठी टप्पे असावेत. जुने साहित्य विकून पैसे न मिळवता ते काढून टाकण्याची तरतूद असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साध्या ठरावासोबत डिस्ट्रिक्टच्या कायम धोरणपुस्तिकेतही कलम घालून घ्यावे. धोरण बदलायला बहुतेक ठिकाणी दोन वाचने आणि पूर्वसूचना लागते, त्यामुळे एका रात्रीत ते फिरवता येत नाही.

आठवी पायरी: पैसा आणि नवे नाव

खर्चाचा प्रश्न खरा आहे, त्याला टाळून चालत नाही. चौथ्या पायरीत मिळवलेल्या खरेदीच्या नोंदी इथे कामी येतात. गणवेश काही वर्षांनी बदलावेच लागतात. तेव्हा नवे चिन्ह त्या चक्रात बसवले तर वेगळा खर्च मुख्यतः फरशी, भिंती आणि फलकांपुरता उरतो. बहुतेक डिस्ट्रिक्टचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अंदाजपत्रक हिवाळ्यात आकार घेते, म्हणून ठराव शरद ऋतूत आणणे सोयीचे. व्हरमाँटमधील साउथ बर्लिंग्टन येथे २०१७ मध्ये ‘रेबेल्स’ हे यादवी युद्धाची आठवण देणारे नाव काढल्यावर नाराज मतदारांच्या रोषामुळे शाळेचे अंदाजपत्रकच मतदानात अडकले होते. जिथे अंदाजपत्रकावर लोकांचे मतदान होते तिथे हा धोका आधीच गृहीत धरावा. मिशिगनमध्ये मूलनिवासी राष्ट्राच्या पैशातून उभा राहिलेला ‘नेटिव्ह अमेरिकन हेरिटेज फंड’ अशा बदलांना अनुदान देतो. बेल्डिंगच्या शाळेला ‘रेडस्किन्स’चे ‘ब्लॅक नाइट्स’ करताना त्याची मदत झाली. ॲडिडास कंपनीने २०१५ मध्ये अशा शाळांना चिन्ह आखून देण्याची आणि आर्थिक साहाय्याची तयारी जाहीर केली होती, म्हणून गणवेश पुरवणाऱ्या कंपनीकडे विचारणा करून पाहावी.

नवे नाव वरून लादू नये. मार्केट (Marquette) विद्यापीठाच्या विश्वस्तांनी २००५ मध्ये ‘गोल्ड’ असे नाव स्वतःच ठरवून जाहीर केले, आणि ते जेमतेम आठवडाभर टिकले. सूचना सर्वांकडून घ्याव्यात, समितीने चार-पाच नावे निवडावीत, ती राज्यातील इतर संघांशी आणि नोंदणीकृत चिन्हांशी ताडून पाहावीत, आणि शेवटचा कौल विद्यार्थ्यांचा असावा. यादी न आवरता खुले ऑनलाइन मतदान ठेवले तर थट्टेचे नाव जिंकते आणि मग जुन्या नावाचे समर्थक ‘बघा, म्हणूनच सांगत होतो’ म्हणायला मोकळे होतात. जुन्या नावाची अर्धी आठवण ठेवणारे पर्यायही जपून घ्यावेत.

नववी पायरी: ठरावानंतरची दोन वर्षे

इथे बहुतेक गट विखुरतात. तसे होऊ देऊ नये. गटातल्या दोघांनी तरी प्रत्येक सभेची विषयपत्रिका वाचत राहावे, आणि धोरण बदलण्याचे पहिले वाचन दिसताच इतरांना कळवावे. पुढच्या बोर्ड निवडणुकीत उमेदवारांना हा प्रश्न जाहीरपणे विचारावा. नागरिक झालेल्या मराठी शेजाऱ्यांना मतदार नोंदणीची आणि तारखेची आठवण करून द्यावी, कारण या निवडणुकांत मतदान इतके कमी होते की, काहीशे मतांनी बहुमत पालटते. ठरावातील टप्पे पूर्ण झाले की नाही, हे पहिल्या पायरीतल्या छायाचित्रांच्या यादीशी प्रत्येक सत्रात ताडून पाहावे. जुने करंडक आणि संघांची छायाचित्रे काढण्याचा आग्रह मात्र धरू नये. ती शाळेचा इतिहास आहेत, आणि त्यांखाली नाव का बदलले हे सांगणारा छोटा मजकूर लावला तर माजी खेळाडूंचा विरोधही मावळतो.

याच काळात अभ्यासक्रमाचा विषय काढावा. मेनमध्ये २००१ च्या कायद्याने वाबानाकी लोकांचा इतिहास शाळांत शिकवणे बंधनकारक आहे. तुमच्या राज्यात तसे काही नसेल, तर समाजशास्त्राच्या शिक्षकांनी दुसऱ्या पायरीत संपर्क झालेल्या राष्ट्राच्या शिक्षण विभागाशी बोलून निदान एक धडा तयार करावा, आणि तो कोणत्या इयत्तेत, कोणत्या महिन्यात शिकवला जाणार हे बोर्डाच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.